मैदान, मिसळ आणि कॅमेरा

कोल्हापुरातल्या फुटबॉल संघांची नावं पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ती कुस्तीच्या फडाची यादी वाटते. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, जुना बुधवार पेठ तालीम. पुढं प्रॅक्टिस क्लब, शिवाजी तरुण मंडळ, संध्यामठ तरुण मंडळ, फुलेवाडी क्रीडा मंडळ ही नावं आली की मग खेळ वेगळा असावा अशी शंका येते. या संघांच्या मागं पेठ असते, तालमीची इमारत असते, गणेशोत्सवाचं मंडळ असतं आणि संध्याकाळी कट्ट्यावर जमणारी तीन पिढ्यांची माणसं असतात. आजोबा ज्या संघाचे, नातूही त्याच संघाचा. घर बदलून उपनगरात राहायला गेलेला माणूससुद्धा सामन्याच्या दिवशी जुन्या पेठेतूनच मैदानावर जातो.

फुटबॉलचा नाद, खाण्यासाठी केलेली भटकंती आणि छायाचित्रण. हे तीन छंद वेगवेगळे जोपासणारी माणसं महाराष्ट्रात कमी नाहीत. पहाटे दोनचा गजर लावून युरोपातले सामने बघणारे आहेत, एका थाळीसाठी दोनशे किलोमीटर गाडी हाकणारे आहेत आणि पाठीवर लेन्सची बॅग टाकून किल्ले-जत्रा पालथ्या घालणारेही आहेत. हे तिन्ही छंद एकाच दिवसात, चालत जाण्याच्या अंतरात भागतील असं शहर मात्र क्वचित सापडतं. कोल्हापूर तसं आहे. इथं हे तीन छंद एकमेकांना मदतही करतात. नुसता सामना बघून परतणाऱ्याला नव्वद मिनिटांचा खेळ कळतो. सकाळी पेठेत मिसळ खाऊन, दुपारी गॅलरीत बसून, हातात कॅमेरा घेऊन हिंडणाऱ्याला तो खेळ इथं इतकी वर्षं का टिकला, हे समजायला लागतं.

पेठेच्या मालकीचा खेळ

कोल्हापूर कुस्तीचं, ही ओळख राजर्षी शाहू महाराजांच्या काळात पक्की झाली. 1894 ते 1922 या त्यांच्या कारकिर्दीत गावोगावच्या मल्लांना आश्रय मिळाला, पेठापेठांत तालमी भरल्या आणि 1912मध्ये खासबागचं कुस्ती मैदान उभं राहिलं. पुढं याच तालमींत फुटबॉल शिरला. मेहनतीची सवय असलेली पोरं, पाठीशी उभी राहणारी पेठ आणि खेळाला मान देणारं राजघराणं, हे सगळं तयारच होतं. लाल मातीत घुमणाऱ्या पोरांनी चेंडूही आपला मानला, आणि तालमीचं नाव संघाच्या जर्सीवर आलं.

आज शहरातल्या फुटबॉलचा कारभार कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनकडं आहे. सगळे तिला ‘केएसए’च म्हणतात. राजर्षी शाहू स्टेडियमवर हिवाळ्यात लीगचे सामने सुरू होतात. मग एकामागून एक स्थानिक चषकांच्या स्पर्धा येतात आणि वळवाचे ढग दिसेपर्यंत हंगाम चालतो. कामाच्या दिवशी भर दुपारीसुद्धा मोठ्या सामन्याला गॅलरी भरते. पाटाकडील आणि खंडोबा, किंवा प्रॅक्टिस आणि दिलबहार असा ईर्षेचा सामना असला की दुकानाचं शटर अर्धं ओढून मालक आणि नोकर बरोबरच निघतात. गॅलरीत कोण कुठं बसायचं, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही; पण पेठांच्या जागा ठरलेल्या असतात आणि नवखा माणूस चुकून दुसऱ्यांच्या घोळक्यात बसला तर शेजारी त्याला आधी विचारतात, “कुठल्या पेठंतलं, भावा?”

या प्रश्नाला ‘मी बाहेरगावचा, सामना बघायला आलोय’ असं उत्तर दिलं की माणसं सरकून जागा देतात. मग सुरू होते माहितीची बरसात. कुणाचा डावा पाय भारी, कोण दोन हंगामांपूर्वी दुसऱ्या पेठेकडून खेळायचा, गोलरक्षकाचे वडीलही याच जागी उभे राहायचे. आफ्रिकी देशांतून आलेले खेळाडूही इथल्या संघांकडून खेळून गेले आहेत, आणि हंगामभर ते पेठेचे पाहुणे म्हणूनच वावरतात.

पेठेची ही मालकी किती मोलाची आहे, ते मुंबईकडं बघितलं की ध्यानात येतं. 1891मध्ये मुंबईत सुरू झालेली रोव्हर्स कप ही देशातल्या जुन्या स्पर्धांपैकी एक. कूपरेजच्या मैदानावर मोहन बागान, ईस्ट बंगाल, मोहमेडन स्पोर्टिंग यांच्याशी झुंजायला मुंबईचे टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स असे कंपन्यांचे संघ असायचे. गिरण्यांचे दिवस फिरले, कंपन्यांनी हात आखडता घेतला आणि एकेक संघ मिटत गेला. एकविसाव्या शतकाच्या तोंडावर रोव्हर्स कपही थांबली. महिंद्र युनायटेडसारखा देशाचं विजेतेपद मिळवलेला संघ 2010मध्ये बंद झाला. कंपनीच्या ताळेबंदावर उभा असलेला संघ एका ठरावानं बंद होतो. कोल्हापूरच्या तालमींचे संघ वर्गणीवर, देणग्यांवर आणि पोरांच्या धावपळीवर चालतात. कधी चणचण होते, कधी खेळाडू पळवले जातात, पण पेठ काही बंद करता येत नाही.

या मातीतून वर गेलेलं ठळक नाव म्हणजे अनिकेत जाधव. 2017मध्ये सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात झाला, तेव्हा यजमान संघात कोल्हापूरचा हा आघाडीवीर होता. दिल्लीत अमेरिका, कोलंबिया आणि घाना यांच्याविरुद्ध भारताचे सामने झाले. अनिकेतनं पुढं इंडियन सुपर लीगमध्ये व्यावसायिक फुटबॉल खेळला. त्याच्यामुळं पेठेतल्या आईबापांना पोराच्या फुटबॉलकडं बघायची नवी नजर मिळाली. तोवर हा खेळ फार तर पोलीस भरतीत उपयोगी पडेल, इतपतच अपेक्षा होती.

सामन्याआधीचं ताट

मुंबईहून रात्री निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस सकाळी कोल्हापुरात पोहोचते, आणि मिसळीची वेळही तीच. फडतरे, चोरगे, खासबाग, बावडा ही नावं बाहेरगावच्यांच्या ओठांवर असतात. स्थानिक माणसाची मात्र आपल्या गल्लीच्या तोंडाशी एक ठरलेली जागा असते आणि तो तिच्याबद्दल संघाइतकंच भांडू शकतो.

कोल्हापुरी मिसळीची बांधणी जवळून बघण्यासारखी असते. खोलगट ताटलीत तळाला मोड आलेली मटकी, कुठं तिच्या जोडीला बटाट्याची भाजी. त्यावर फरसाण आणि शेव-चिवडा. मग पातेल्यातून डावानं कट पडतो. पातेल्याच्या वरच्या थरात तवंग असतो, खाली रस्सा. वाढणाऱ्याचा हात असा बसलेला असतो की एकाच डावात दोन्ही येतं. गिऱ्हाईक नेहमीचं असेल तर ‘तर्री जास्त’ सांगावंही लागत नाही. वर बारीक कांदा, कोथिंबीर, लिंबाची फोड. शेजारी गोल पावाऐवजी कापलेल्या ब्रेडच्या जाड चकत्या येतात. ब्रेड कटात बुडवला की लगेच भिजतो, म्हणून जाणकार माणूस तो बुडवून तोंडात टाकेपर्यंत बोलत नाही. जादा कट मागितला की मिळतो. सकाळच्या गर्दीनंतर पातेलं रिकामं झालं की दुकानाचा दिवसही संपतो, म्हणून इथं उशिरा उठून चालत नाही.

ही चव घडते उन्हाळ्यात, आणि फुटबॉलचा हंगाम रंगात येतो तेव्हाच. मार्च ते मे या काळात कोल्हापूरच्या घराघरांत वर्षाची चटणी होते. रंगासाठी ब्याडगी, तिखटपणासाठी संकेश्वरी किंवा जवारी मिरची, त्यात कांदा, लसूण, सुकं खोबरं, तीळ, धणे आणि खडा मसाला. मिरच्या उन्हात वाळवायच्या, देठं काढायची, मसाले तेलात भाजायचे आणि सगळं कांडपाला न्यायचं. त्या दिवसांत स्टेडियमकडं चालत निघालेल्याला वाटेत कुठल्यातरी कांडप यंत्रापाशी ठसका लागतोच. कॅमेरा असलेल्यानं इथं थांबावं. गच्चीवर पसरलेल्या लाल मिरच्या आणि पलीकडून मैदानाकडं निघालेली झेंडेवाली पोरं एकाच चौकटीत येतात.

दुपारचं जेवण म्हणजे तांबडा-पांढरा. बाहेरगावी ‘कोल्हापुरी’ या नावाखाली मिळणारं जळजळीत लाल प्रकरण इथं जेवल्यावर विसरायला होतं. मटण आधी आलं-लसूण, हळद, मीठ लावून शिजवतात, आणि त्याचं अळणी पाणी हा साऱ्या ताटाचा पाया. त्याच पाण्यात चटणी आणि वाटण पडलं की तांबडा रस्सा. नारळाचं दूध, तीळ, खसखस, काजू आणि खडा मसाला पडला की पांढरा. एकाच पातेल्यातून निघालेले दोन रस्से चवीला किती वेगळे असावेत, याचं नवल पहिल्या वाटीलाच वाटतं. पांढरा रस्सा भातावर घेण्याआधी वाटीनं प्यायचा असतो, आणि वाढपी वाटी रिकामी दिसली की न विचारता पुन्हा भरतो. सुकं मटण, भाकरी, कांदा-लिंबू, शेवटी भात. एवढं जेवून गॅलरीतल्या उन्हात दोन तास बसायचं म्हणजे दुपारचा हिशेब आधीच करावा लागतो. सराईत समर्थक सामन्याच्या दिवशी सकाळी मिसळीवर भागवतात आणि मटणाचं ताट निकालानंतरसाठी ठेवतात.

स्टेडियमपासून खासबाग हाकेच्या अंतरावर. तिथं राजाभाऊंची भेळ आहे, आणि शेजारी कुस्तीचं मैदान व केशवराव भोसले नाट्यगृह. 1915मध्ये ‘पॅलेस थिएटर’ म्हणून उभं राहिलेलं हे नाट्यगृह ऑगस्ट 2024मध्ये आगीत होरपळलं, तेव्हा सारं शहर रस्त्यावर येऊन हळहळलं. कुस्ती, नाटक, फुटबॉल आणि भेळ यांच्यात इथं चार पावलांचंच अंतर आहे, त्यामुळं त्या हळहळीत फुटबॉलवालेही होते. संध्याकाळी सामना सुटला की एक लोंढा गंगावेशीच्या दूध कट्ट्याकडं वळतो. तिथं म्हशी समोर बांधलेल्या असतात, धार काढली जाते आणि फेसाळतं दूध पेल्यात येतं. मल्लांच्या खुराकाची ही रीत आता फुटबॉल बघणाऱ्यांच्याही अंगवळणी पडली आहे. हरलेल्या आणि जिंकलेल्या पेठांची पोरं तिथं एकाच म्हशीपाशी रांग लावतात.

कॅमेरा कुठं रोखायचा

कॅमेरा कोल्हापूरला परका नाही. बाबूराव पेंटर यांनी इथंच स्वतःच्या हातानं चित्रपटाचा कॅमेरा घडवला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि 1920मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. 1929मध्ये प्रभात फिल्म कंपनीची स्थापनाही कोल्हापुरातच झाली. पुण्याला ती 1933मध्ये गेली. यंत्र विकत मिळत नसेल तर बनवून घ्यायचं, ही धमक या शहराच्या रक्तात आहे.

फुटबॉलचं छायाचित्र काढायला गेलेला हौशी माणूस साहजिकच चेंडूमागं धावतो. ते तंत्र शिकायलाच हवं. शटरचा वेग सेकंदाच्या एक हजाराव्या भागाच्या आसपास ठेवला तर हवेतला खेळाडू गोठतो. 70-200 मिलीमीटरची लेन्स असेल तर अर्धं मैदान आवाक्यात येतं. गोलच्या मागं, कोपऱ्याच्या झेंड्याजवळ खाली बसून टिपलं की खेळाडू आभाळावर उमटतो आणि मागची जाहिरातींची गर्दी टळते. एप्रिलमध्ये चारच्या उन्हात चेहऱ्यांवर काळ्या सावल्या पडतात. उत्तरार्धात सूर्य कलला की तोच चेहरा उजळतो. हे सगळं दोन-चार सामन्यांत हाताला येतं.

पण खेळाची गोष्ट केवळ चेंडूजवळ नसते, आणि चेंडूजवळचं चित्र कधीकधी दिशाभूलही करतं. जगातलं एक गाजलेलं फुटबॉल छायाचित्र स्टीव्ह पॉवेल यांनी 13 जून 1982 रोजी बार्सिलोनात टिपलं. विश्वचषकाचा पहिला सामना, अर्जेंटिना विरुद्ध बेल्जियम. पाठमोरा मॅराडोना, पायाशी चेंडू, आणि समोर भेदरल्यासारखे उभे सहा बेल्जियन खेळाडू. एका माणसाला अडवायला सहा जण लागले, असं ते चित्र सांगतं. घडलं होतं ते असं: अर्जेंटिनाला फ्री किक मिळाली होती, बेल्जियमनं भिंत उभी केली होती, आणि ओसी आर्डिलेसनं चेंडू आखूड पासनं मॅराडोनाला दिल्यावर ती भिंत विस्कटत होती. तो सामना बेल्जियमनं 1-0 असा जिंकला. चित्र खरं आहे, क्षणही खरा आहे. चौकटीच्या आधी काय झालं ते मात्र त्यात मावत नाही.

म्हणूनच काही छायाचित्रकारांनी कॅमेरा मुद्दाम वळवला. इंग्लंडमध्ये 1989च्या हिल्सबरो दुर्घटनेनंतर उभं राहून सामना बघायच्या जुन्या गॅलऱ्या पाडून खुर्च्यांची स्टेडियम झाली. त्या बदलाच्या काळात स्टुअर्ट रॉय क्लार्क यांनी ‘द होम्स ऑफ फुटबॉल’ या नावानं मैदानं आणि प्रेक्षक टिपायला घेतले. पायऱ्यांवर बसलेले म्हातारे, पावसात भिजणारी पोरं, फाटकापाशी तिकिटं विकणारी बाई. नेदरलँड्सचे हान्स व्हॅन डर मेअर युरोपभर हौशी संघांचे सामने बघत हिंडले आणि उंचावरून, लांबून चित्रं घेतली. त्यांत बावीस खेळाडूंइतकंच मागच्या डोंगराला, कारखान्याला आणि चाळवजा घरांना महत्त्व आहे. खेळ कुठं खेळला जातो, हे एका नजरेत दिसतं.

कोल्हापुरात अशा चित्रांना तोटा नाही. गॅलरीच्या सगळ्यात वरच्या पायरीवरून एका बाजूला मैदान आणि दुसऱ्या बाजूला गल्ल्यांची कौलं, टाक्या आणि वाळत घातलेली धुणी दिसतात. हलगी कडाडली की पहिल्या रांगेतला आजोबा कान झाकतो आणि त्याचा नातू नाचतो. गोल झाला त्या क्षणी कॅमेरा मैदानाकडं न नेता गॅलरीकडं फिरवला तर शंभर चेहरे एकदम उघडतात, आणि शेजारच्या घोळक्यातले शंभर चेहरे त्याच क्षणी मिटतात. दोन्ही बाजू एकाच चौकटीत घ्यायच्या तर रुंद लेन्स हवी आणि दोन पेठांच्या सीमेवर जागा पकडायला हवी.

खाण्याच्या चित्रांचंही असंच आहे. मिसळीचा फोटो वरून सरळ घेतला की तवंगावर दिव्याची चमक येते आणि कट नुसता चकाकतो. ताट दाराजवळच्या बाकावर घेऊन, उजेड बाजूनं येऊ देऊन, तिरक्या कोनातून टिपलं तर मटकीचा मोडही दिसतो आणि रश्श्याचा दाटपणाही. वाफ टिपायची तर उजेड ताटाच्या मागून हवा. मोबाइल याला पुरेसा असतो. आणि ताटाहून अधिक सांगतो तो वाढणारा हात, म्हणून विचारून, परवानगी घेऊन तो हात चौकटीत घ्यावा. दुपारपर्यंत तीनशे ताटल्या भरणाऱ्या माणसाकडं फोटोसाठी थांबायला वेळ नसतो. त्याच्या कामाच्या लयीत आपल्याला मिसळावं लागतं.

पोय आणि फातोर्डा, मैदान आणि इलिश

कोल्हापूरची गोडी लागलेल्याला पुढची वाट घाट उतरून गोव्याकडं नेते. गोव्यात फुटबॉलची सुरुवात 1883 साली शिवोलीत फादर विल्यम रॉबर्ट लायन्स यांनी केली, असं सांगितलं जातं. इथं संघाच्या मागं गाव आणि चर्च उभं असतं. भात कापून झालं की रिकाम्या शेतांत खांब रोवले जातात आणि गावागावांच्या स्पर्धा सुरू होतात. याच मातीतून ब्रह्मानंद शंखवाळकर यांच्यासारखा गोलरक्षक भारताचा कर्णधार झाला, आणि धेंपो क्लबनं देशाचं विजेतेपद पाच वेळा मिळवलं. मडगावजवळच्या फातोर्ड्याच्या स्टेडियमवर 2021मध्ये एफसी गोवा आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत उतरला. त्या टप्प्यावर खेळणारा तो पहिला भारतीय क्लब.

गोव्यातलं सामन्याच्या दिवसाचं खाणं गाड्यांवर मिळतं. सायकलवरून पोदेर, म्हणजे पाववाला, सकाळी पोय हा पाव देऊन जातो, आणि संध्याकाळी त्याच पोयेबरोबर रोस ऑमलेट येतं: ऑमलेटवर शागोतीचा गरम रस्सा, वर कांदा आणि लिंबू. चोरीस-पाव, कटलेट-पाव ही उभ्यानं खायची चीज. शेतातल्या मैदानावर खेळ सुरू असताना रस्त्याकडेला गाड्याच्या पिवळ्या दिव्याखाली उभ्या माणसांचं चित्र व्हॅन डर मेअर यांना नक्की आवडलं असतं.

कोलकात्यात खेळ आणि ताट यांची गाठ सगळ्यात घट्ट आहे. मोहन बागानची स्थापना 1889ची. 29 जुलै 1911 रोजी त्यांनी ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला 2-1 असं हरवून आयएफए शील्ड जिंकली, तेव्हा संघातल्या एकाचा अपवाद सोडला तर सगळे अनवाणी खेळले होते. ईस्ट बंगाल 1920चा. पूर्व बंगालातून आलेल्यांचा तो संघ, आणि फाळणीनंतर निर्वासितांचा मोठाच आधार. ईस्ट बंगाल जिंकला की घरी इलिश, म्हणजे हिलसा मासा. मोहन बागान जिंकला की चिंगडी, म्हणजे कोळंबी. डर्बीनंतर बाजारात या दोहोंपैकी एकाचा भाव चढतो, हे कोलकात्याच्या मासळीवाल्यांना पाठ आहे. 13 जुलै 1997 रोजी फेडरेशन कपच्या उपांत्य फेरीत या दोघांच्या डर्बीला सॉल्ट लेक स्टेडियमवर सव्वा लाखांहून अधिक माणसं जमली. भायचुंग भुतियाच्या हॅट्ट्रिकच्या बळावर ईस्ट बंगालनं तो सामना 4-1 असा जिंकला. ‘मैदान’ नावाच्या परिसरातल्या क्लबांच्या तंबूंतलं चिकन स्ट्यू आणि टोस्ट मात्र दोन्ही बाजूंचे लोक सारख्याच आवडीनं खातात. पातळ रस्सा, त्यात गाजर-पपईचे तुकडे, मिऱ्याचा वास आणि लोणी लावलेला जाड पाव. सरावानंतर खेळाडूंनी खायचं हे साधं अन्न आता सकाळी फिरायला येणाऱ्या समर्थकांचा नाश्ता झालं आहे.

ही रीत जगभर दिसते. ब्राझीलच्या बेलो होरिझोंते शहरात मिनेराव स्टेडियमवर राजमावर्गीय घेवडा, कसाव्याचं पीठ आणि डुकराचं मांस घातलेला ‘ट्रोपेइरो’ खाल्ल्याशिवाय सामना पुरा होत नाही. अर्जेंटिनात स्टेडियमबाहेर चोरिपानसाठी, म्हणजे सॉसेज-पावासाठी, निखाऱ्यावर सॉसेज भाजतात. स्पेनच्या बिल्बाओत आथलेटिक क्लब अजूनही बास्क प्रदेशाशी नातं असलेलेच खेळाडू खेळवतो, आणि सामन्याआधी मैदानाकडं जाणाऱ्या रस्त्यावर माणसं एका हातात पिंचोस, म्हणजे ब्रेडवर रचलेले छोटे घास, घेऊन दारोदार थांबत जातात. इंग्लंडमध्ये व्यावसायिक लीगच्या सगळ्या 92 क्लबांची मैदानं बघून आलेल्यांचा ‘नाइन्टी-टू क्लब’ 1978पासून आहे. जिथं संघ लोकांचा आहे, तिथं मैदानाबाहेरचं खाणंही लोकांच्या हातचं राहिलं आहे. सध्याच्या चकचकीत स्टेडियममध्ये दर दहा पावलांवर तेच पॉपकॉर्न आणि तेच शीतपेय मिळतं, तिथं बसून कुठल्या शहरात आलोय याचा पत्ता लागत नाही.

गॅलरीतली धुसफूस

कोल्हापूरच्या फुटबॉलवर प्रेम करणाऱ्यानं त्याचं दुखणंही बघायला हवं. पेठेची ईर्षा कधी शिव्यांवर येते, कधी दगडांवर. हाणामारीमुळं सामने थांबले आहेत, स्पर्धा अर्ध्यावर गुंडाळाव्या लागल्या आहेत, पोलीस बंदोबस्त ही नेहमीची बाब झाली आहे. त्याचा फटका सगळ्यात आधी बसतो तो खेळाडूला. सतरा-अठरा वर्षांच्या पोराचा हंगाम वाया गेला की निवड चाचणीत दाखवायला त्याच्याकडं सामनेच उरत नाहीत. पोराबरोबर आलेली आई दुसऱ्यांदा गॅलरीत येत नाही. 16 ऑगस्ट 1980 रोजी कोलकात्यात ईडन गार्डन्सवरच्या डर्बीत दंगल उसळली आणि 16 प्रेक्षकांचा जीव गेला. तिथले फुटबॉलप्रेमी आजही तो दिवस पाळतात आणि रक्तदान करतात. कोल्हापूरवर तसली वेळ येऊ नये, यासाठी पेठांमधली जाणती माणसं पुढं होऊन पोरांना आवरतात, तालमींच्या बैठका होतात. जमिनीवरचं हे काम दिसत नाही, पण गॅलरी त्याच्यावरच उभी आहे.

बाहेरून आलेल्या हौशी छायाचित्रकाराला इथं करण्यासारखं एक नेमकं काम आहे. तालमींच्या भिंतींवर जुन्या संघांची कृष्णधवल छायाचित्रं लावलेली दिसतात: दोन ओळी, पुढच्या ओळीत चषक, बाजूला टोपीतले पदाधिकारी. नव्या हंगामांचे फोटो मात्र हजारोंनी निघतात आणि मोबाइल बदलला की हरवतात. परतल्यावर चांगले दहा फोटो निवडून, छापून तालमीत पाठवले तर ते भिंतीवर लागतात. सोबत तारीख, स्पर्धा, प्रतिस्पर्धी संघ आणि प्रत्येकाचं नाव डावीकडून उजवीकडं लिहिलेलं असावं. 1911च्या मोहन बागान संघातले अकराही जण बंगालमध्ये आजही नावानिशी ठाऊक आहेत, कारण त्या संघाच्या छायाचित्राबरोबर त्यांची नावंही जपली गेली. कोल्हापूरच्या पेठांतल्या अकरा-अकरा जणांची तशी नोंद दर हंगामात होऊ शकते. त्यासाठी शेवटची शिट्टी झाल्यावर लगेच तांबड्या-पांढऱ्याच्या ताटाकडं न धावता, दहा मिनिटं मैदानाच्या कडेला थांबून खेळाडूंना त्यांची नावं विचारून घ्यायची आहेत.